ताईच्या चोवीस चौकटी

शनिवार, १० मे

आज यंत्र आलं. दार-एस-सलामच्या एका संस्थेने सहा महिन्यांसाठी दिलं आहे, फुकट. शाळेच्या पाटीएवढा पडदा, आणि खाली एक काळी पट्टी. ही पट्टी ताईच्या बुबुळांवर नजर ठेवते. पडद्यावर चौकटी असतात. ताई जिच्याकडे टक लावून बघेल ती चौकट बोलते.

बसवायला तुमाईनी नावाची मुलगी आली होती, पंचवीस-सव्वीसची. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणं हाच तिचा व्यवसाय. म्हणाली, "बाबा, रोज किती वापर झाला त्याची नोंद ठेवा." मी चौतीस वर्षं रेल्वेत नोंदीच ठेवल्या आणि मोरोगोरोचा सहायक स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालो, हे तिला कुणी सांगितलेलं दिसलं नाही. तिला द्यायची नोंद वेगळ्या वहीत. ही वही माझी. हिच्यात खरं लिहायचं.

तर खरं. ताईला झटका आला त्याला सात महिने झाले. टांगाहून मीच तिला इथे माझ्या घरी आणलं. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. डोळे आणि डोकं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणतात. जिने अडतीस वर्षं टांगाच्या पोरांना भाषा शिकवली, जिला अजून सगळे म्वालिमू, म्हणजे बाई, म्हणूनच ओळखतात, तिला एक शब्द बोलता येत नाही. मला फार वाईट वाटतं. आणि (हे फक्त इथे) थोडं बरंही वाटतं. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होऊ लागलं आहे.

मंगळवार, १३ मे

चौकटी भरल्या. चोवीस आहेत. तुमाईनी म्हणत होती की कोणते शब्द हवेत ते म्वालिमूंनाच विचारू, अक्षरांची पाटी लावून एकेक अक्षर शोधत त्या सांगतील. मी म्हटलं, "पोरी, तिला सांगता आलं असतं तर यंत्र कशाला आणलं असतं?" तिने आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी जबाबदारीने विचार करून शब्द निवडले. पाणी. औषध. धन्यवाद. फार आभार. देवाची कृपा. झोपायचं आहे. आज बरं वाटतंय. आल्यागेल्याला नमस्कार म्हणून शिकामू, कारण त्याहून अदबीचा शब्द आपल्या भाषेत नाही. मधोमध, नजर सहज जावी म्हणून, 'हेमेदी माझी फार काळजी घेतो.'

माझी बायको म्वानाहावा दारात उभी होती. म्हणाली, "रुकियाचे बाबा, एक मिरचीची चौकट ठेवा. वन्संना तिखटाशिवाय घास उतरत नाही." मी म्हटलं, रुग्णाला पेजच बरी.

एक अडचण मात्र आहे. यंत्राचा आवाज नैरोबीचा निघाला. तिकडचे लोक 'मला पाणी मिळेल का' म्हणत नाहीत, 'पाणी दे' म्हणतात, आणि तेही बस-स्टँडवर प्रवासी ओढल्यासारखं. ताईने असं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलेलं मी पाहिलं आहे. आज तिने 'पाणी'कडे बघितलं, यंत्र ओरडलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी पाणी घेऊन धावलो. ती प्यायली नाही.

शुक्रवार, १६ मे

तीन दिवसांचा वापर. पाणी सहा वेळा. धन्यवाद दोनदा. हेमेदी माझी फार काळजी घेतो, एकदा, तेही काळ्या पट्टीवर माशी बसली होती तेव्हा. झोपायचं आहे, एकोणीस वेळा.

या एकोणिसाची मला चिंता वाटते. किलोसाजवळ मालगाडी घसरली होती तेव्हाची हकीकत मी तिला सांगत होतो, आणि नेमकं तेव्हाच तिला फार थकायला होतं. डॉक्टरांना विचारायला हवं.

रविवार, १८ मे

शाबानी आला होता. आमच्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा, दार-एस-सलामला असतो, हुशार आहे. ताईचं टांगातलं घर तीन खोल्यांचं, समुद्र तिथून पाच मिनिटांवर. शाबानीला तिथे लॉज काढायचा आहे. "काका," तो म्हणाला, "आत्याला आता तिकडे परत कशाला जायचंय? घर असंच बंद राहिलं तर वाळवी खाईल."

मला पटलं. ताई इथेच राहील, तिचं नीट होईल. आम्ही तिच्याजवळ जाऊन मोठ्या आवाजात विचारलं. तिने डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे हो, हे मी तिच्या आजारपणाच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं, आणि तेव्हापासून एकदाही तिने कशाला नाही म्हटलेलं नाही. पूर्वी ती अशी नव्हती. आजाराने माणूस मऊ होतं.

शेवटचा निर्णय कुटुंबाचा. रविवारी, २९ जूनला, दुपारच्या नमाजानंतर बैठक. माणसं दार-एस-सलामपासून मस्कतपर्यंत पांगलेली, म्हणून बैठक व्हॉट्सअॅपवर, 'शेमदोए परिवार' या ग्रुपमध्ये. त्रेचाळीस सदस्य. अॅडमिन मी.

गुरुवार, २२ मे

तुमाईनीने आज ताईच्या पडद्यावर व्हॉट्सअॅप चालू करून दिलं. शिवाय एक अक्षरांची पाटी. नजरेने एकेक अक्षर उचलायचं आणि पाठवायचं. एका वाक्याला चार मिनिटं.

मी विचारलं, "बोलायला यंत्र दिलंय ना? मग गप्पा मारायला हे कशाला?"

"बाबा, तुम्ही कशाला वापरता?"

"मी कुटुंबाच्या कामासाठी वापरतो."

"त्याही कुटुंबातल्याच आहेत," ती म्हणाली आणि पट्टी पुसायला लागली.

संध्याकाळी मी ग्रुपवर नेहमीप्रमाणे मोठा संदेश टाकला. ताईची तब्येत, तिची कृतज्ञता, आमचे कष्ट. सोळा जणांनी हात जोडले. अकरा मिनिटांनी ताईचा पहिला संदेश आला. सात महिन्यांपूर्वी जिचा शेवटचा संदेश आला होता तिचं नाव पडद्यावर उमटलं. तिने लिहिलं होतं: 'हेमेदी, दुसऱ्या ओळीत दोन चुका. तिसरीत एक.'

मस्कतच्या भाच्याने हसून लोळणारी चार तोंडं पाठवली. मला कौतुकच वाटलं, पण कौतुकाला एवढा वेळ का लागला कळत नाही.

मंगळवार, २७ मे

घरात मिरचीचा वास येतो. म्वानाहावाला विचारलं तर म्हणते शेजारून येत असेल. तिच्या फोनवर ताईचा संदेश होता, तो मी चुकून वाचला. एकच शब्द होता: 'अजून.'

शनिवार, ७ जून

आज ईद. कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

सकाळपासून माणसं ताईला भेटायला येत होती. पहिला आला कोपऱ्यावरचा बजाजवाला, म्हणजे रिक्षावाला, बावीस वर्षांचा. वाकून म्हणाला, "शिकामू, म्वालिमू." ताईने पडद्याकडे बघितलं. यंत्र नैरोबीच्या आवाजात म्हणालं, "शिकामू." पोरगा जागच्या जागी पांढरा पडला. मग माझी पुतणी, तिलाही शिकामू. मग पुतणीची पाच वर्षांची मुलगी. तिला घरी शिकवलेलं, कुणी शिकामू म्हटलं की काय म्हणायचं ते. ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "मरहबा." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

शेजारच्या बी म्वाजुमा कोपऱ्यात बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या आहेत. काठी टेकत त्या उठल्या आणि माझ्यासमोर आल्या.

"हेमेदी, हे यंत्र कुणी भरलं?"

"मीच. अदबीचे शब्द घातलेत सगळे."

"धाकट्यानं शिकामू म्हणायचं, थोरल्यानं मरहबा म्हणून ते घ्यायचं. दुधाचे दात पडायच्या आधी शिकवतात हे. म्हाताऱ्या बाईला तू पोरासोरांच्या पाया पडायला लावलंस? त्यांचं आयुष्य कमी करतोस की तिचं?"

"मरहबाची चौकट राहून गेली," मी म्हटलं.

"चोवीसात राहून गेली?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. ताई सोडून. ती खिडकीबाहेर बघत होती.

रात्री म्वानाहावाला म्हटलं, साधी चूक आहे, कुणाकडूनही झाली असती. ती पिलावाची भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही स्वतः वन्संना शिकामू कधी म्हणालात शेवटचं?"

मी आठवत बसलो. लहानपणापासून रोज म्हणत आलो. फोनवरसुद्धा आधी तेच. ती इथे आली तेव्हा पहिले काही दिवस म्हटलं असेन. उत्तर येत नाही म्हणून कधीतरी सुटलं. कधी, ते मला आठवत नाही. चौकट राहून गेली असं मी सगळ्यांना सांगितलं, पण ती माझ्या डोक्यातच आली नव्हती. मला लाज वाटली. ताई झोपली होती, नाहीतर जाऊन म्हटलं असतं.

सोमवार, ९ जून

'मरहबा' घातली. 'हेमेदी माझी फार काळजी घेतो' काढून तिथेच, मधोमध. सकाळी जाऊन शिकामू म्हटलं. तिने बराच वेळ माझ्याकडेच बघितलं, पडद्याकडे नाही. मग पडद्याकडे. "मरहबा." नैरोबीचा असला तरी आवाज बरा वाटला.

बी म्वाजुमांनी ईदची गोष्ट गल्लीभर केली आहे. ग्रुपवरही गेली. शाबानीने फोन केला, "काका, बैठकीआधी आत्याचा मान ठेवल्यासारखं काहीतरी दिसू द्या. लोक बोलतायत." म्हणून मी तिला ग्रुपचं अॅडमिन केलं. 'तुनू शेमदोए' या तिच्या नावासमोर तशी पाटी येते, सभेला अध्यक्षाच्या खुर्चीवर हार घालून ठेवतात त्यातला प्रकार. तिला काही करावं लागत नाही. ग्रुपवर टाळ्या पडल्या.

तुमाईनी आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती जरा जास्तच खूश झाली. मग दोघी दीड तास दार लोटून बसल्या.

सोमवार, १६ जून

ताईची शिकवण्याची खोड काही जात नाही. तिचा एक जुना विद्यार्थी टांगात गवंडी आहे. आता त्याला ती व्हॉट्सअॅपवरून गणितं घालते. मी चहा घेऊन गेलो तेव्हा पडद्यावर दिसलं: 'दार ३४ इंच हवं. मोजून सांग.' खाली त्याचं उत्तर, २८. मग ताई: 'मग सहा इंच फोड.' त्याखाली: 'उंबऱ्याची उंची एक फूट, तर उतार किती लांब? बारापट धर.'

एवढ्या आजारात बाई भागाकार-गुणाकार घालते आहे. डोळे भरून आले. मी तिला म्हटलं, "ताई, तू हाडाची शिक्षिका." ती म्हणाली, म्हणजे यंत्र म्हणालं, "झोपायचं आहे."

बुधवार, २५ जून

मोहारामी नावाच्या बाईचा टांगाहून फोन आला. ताईची जुनी विद्यार्थिनी, विधवा आहे, नर्सिंग होममध्ये काम केलेली. विचारत होती, म्वालिमूंना एका कुशीवर झोपवायचं की दोन्ही. एवढी आपुलकी हल्ली कुठे बघायला मिळते! मी अर्धा तास सगळं समजावून सांगितलं, पेज किती पातळ हवी तेसुद्धा. ती लिहून घेत होती.

शाबानीने लॉजची पाटी रंगवायला टाकली आहे. मी म्हटलं, बैठक तर होऊ दे. तो हसला. उद्या ताईला पुन्हा एकदा विचारावं का? पण तिने डोळे मिटले होते. मी पाहिलं आहे.

रविवार, २९ जून

जसं घडलं तसं लिहितो.

चार वाजता मी बैठक सुरू झाल्याचं जाहीर केलं. लगेच शाबानीचा बोलका संदेश आला, चार मिनिटांचा. मग मस्कतच्या भाच्याचा सहा मिनिटांचा. मग सगळेच. कुणी वाळवीवर, कुणी लॉजच्या नावावर, कुणी समुद्राकडच्या खिडकीला एसी बसेल का यावर. मी बाहेरच्या खोलीत होतो, ताई आत. तिच्या नावाखाली मधूनच 'टाइप करत आहे' असं दिसायचं, आणि तेवढ्यात सात-आठ संदेश येऊन पडायचे. एकदा तिचा 'थांबा' असा संदेश आला. एव्हाना लोक खिडक्यांच्या पडद्यांच्या रंगावर पोचले होते. कुणी वाचला असेल असं वाटत नाही. मी वाचला. आणि पुढचा बोलका संदेश लावला.

चार वीसला शाबानीने लिहिलं: 'आत्या गप्प आहेत, म्हणजे त्यांची संमती आहे. हेमेदीकाकांनी विचारलंच होतं. काका, ठराव लिहा.'

मी लिहायला घेतलं. पाठवायला गेलो तर पाठवायची जागाच नाहीशी झालेली. तिथे एक ओळ होती: 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात.' मी म्हटलं, अॅडमिन तर मीच. वर बघितलं. तुनू शेमदोए यांनी हेमेदी शेमदोए यांना अॅडमिन पदावरून काढलं होतं.

दार-एस-सलामपासून मस्कतपर्यंत बेचाळीस माणसांच्या तोंडाला एका क्षणात कुलूप. शाबानीचा फोन आला, मग दुसरा, मग तिसरा. मी कुणाचा घेतला नाही. आत गेलो. ताईने माझ्याकडे बघितलंच नाही, ती अक्षरं उचलत होती. म्वानाहावा तिच्या मागे स्टुलावर बसून तिच्या डोळ्यांत थेंब घालत होती, दर दहा मिनिटांनी, ठरवून ठेवल्यासारखी. मला म्हणाली, "उभे राहू नका, पडद्यावर सावली पडते."

मी जमिनीवर बसलो. सव्वा तास लागला. मध्ये वीज गेली, पण यंत्राची बॅटरी भरलेली होती. तीन संदेश आले, ते उतरवून ठेवतो.

पहिला: 'शाबानी, तुमचं बोलणं संपायची मी वाट बघत होते. ती संमती नव्हती. घर भाड्याने जाणार नाही. पाटीवरचा रंग खरवडून काढ.'

दुसरा: 'मी शुक्रवारी टांगाला जाते आहे. दार रुंद करून झालं, उतार बांधून झाला. मोहारामी माझ्यासोबत राहील.'

चौतीस इंच. उतार बारापट. मी जमिनीवर बसल्या बसल्या सगळं गणित आता सोडवलं.

तिसऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागला. 'हेमेदीने सगळ्यांना सांगितलंय की मी डोळे मिटले म्हणजे हो. दिवसभर डोळे चुरचुरतात म्हणून मी ते मिटते. मी वर बघितलं म्हणजे हो. खाली बघितलं म्हणजे नाही. यंत्र असो नसो. पाठ करा. हेमेदीला कुणी बोलू नये. त्याने नऊ महिने मला भरवलं, एकदाही अंगावर सांडलं नाही. पेज अळणी होती.'

मग तिने माझ्याकडे बघितलं. मला एवढंच सुचलं की म्हणावं, "ताई, एवढ्या मोठ्या मजकुरात एकही चूक नाही." ती वर बघत राहिली.

बुधवार, २ जुलै

ग्रुप अजून मुका आहे. लोक मला फोन करून तक्रार करतात की आमचं म्हणणं मांडायला जागाच उरली नाही, ही हुकूमशाही आहे. मस्कतचा भाचा म्हणतो, तीन दिवस तोंड दाबून बसून त्याचं डोकं दुखायला लागलं. मी प्रत्येकाला सांगतो, चार मिनिटं थांबा, ताईला विचारतो. चार मिनिटं कुणी थांबत नाही.

मोहारामीला फोन केला. म्हटलं, पेजेचं मी सांगितलं होतं ते खोड. ती म्हणाली, "ते मी लिहिलंच नव्हतं, बाबा."

शुक्रवार, ४ जुलै

गेली.

नऊ वाजता गाडी आली. तुमाईनी सोबत जाणार होती. आम्ही ताईला खुर्चीसकट अंगणात आणलं. लख्ख ऊन होतं, आणि उन्हात ती काळी पट्टी आंधळी होते, बुबुळं सापडत नाहीत. पडदा नुसता काळा. तुमाईनीने यंत्र बंद करून पिशवीत घातलं. मला वाटलं होतं निघताना ती काही बोलेल. आता बोलणार कशी?

गाडीत बसवल्यावर मी दार धरून उभा राहिलो. मग माझ्या लक्षात आलं, विचारायचं तर मलाच आहे.

"ताई, माझं फार चुकलं का?"

वर.

"अजून रागावलेली आहेस?"

खाली.

"आठवडाभर राहतेस? दार काय, पुढच्या शुक्रवारीही रुंदच असणार."

खाली. तुमाईनी हसली.

"मग मी येऊ पुढच्या शुक्रवारी, बघायला? व्यवस्था कशी आहे, काय आहे…"

खाली.

मला रडू यायला लागलं आणि ते मी लपवलं नाही. त्रेसष्ट वर्षांत ती मला शेकडो वेळा नाही म्हणाली असेल, पण दर वेळी मी तिच्याशी भांडलो होतो. आज भांडायला काहीच नव्हतं, तिचे डोळे खाली होते आणि गोष्ट तिथे संपत होती. मी म्हटलं, "बरं." मग म्हटलं, "तू बोलावशील तेव्हा येऊ?"

ऊन तिच्या तोंडावर होतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते मिटले. महिन्यापूर्वी मी हे हो समजून दार लावलं असतं आणि घरी येऊन तशी नोंद केली असती. मी थांबलो. ड्रायव्हरने हॉर्न दिला. म्वानाहावाने माझी बाही ओढली, म्हणाली, त्यांना उशीर होतोय. तरी थांबलो. चार मिनिटं झाली असतील, जास्तही असतील. मग ताईने डोळे उघडले आणि वर बघितलं.